आधी आजी बसू दे

मी एक जुना बांबूचा बाक आहे, मित्रांनो. जावा बेटावरच्या एका गल्लीत, फणसाखाली, बॅडमिंटनच्या मैदानाच्या कडेला माझा मुक्काम. चार पाय होते, आता तीन आहेत. चौथ्या पायाच्या जागी वीट आहे. ती कशी आली तेच सांगायचंय, पण आधी माझं कुळ ऐका.

ज्या बनात मी वाढलो तिथले बांबू इतके उंच होते, इतके उंच, की चंद्राला पाठ खाजवायची झाली की तो आमच्याकडेच यायचा. पाऊस वरून निघाला की आमच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पोचायला त्याला दोन दिवस लागायचे. हसू नका. निम्मं तरी खरं आहे.

मला घडवलं आमच्या गल्लीतल्या पाइनेमआजीच्या नवऱ्यानं. तीन महिने मला ओढ्यात बुडवून ठेवलं, म्हणजे भुंगा लागू नये. मग तासलं, भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या. एकही खिळा नाही. मैदानात आणून ठेवलं आणि म्हणाला, "दमलेल्या माणसासाठी आहे हा."

तो बिचारा गेला आणि मागाहून गंमत अशी झाली, की माझ्यावर दमलेलं माणूसच कधी बसेना!

म्हणजे बघा. दर रविवारी उजाडता उजाडता गल्लीतल्या बायका इथं व्यायामाला जमतात. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, हिरवेगार. एन्दांग नावाची एक तरतरीत बाई पुढं उभी राहते, भोंग्यावर गाणं लावते आणि "एक, दोन! हात वर!" करत सगळ्यांना नाचवते. आणि पहिल्या रांगेत मधोमध कोण? पाइनेमआजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आता आमच्या गल्लीची रीत अशी, की मोठं माणूस उभं असताना लहानानं बसायचं नाही. आजी बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, आणि आजी तर बसतच नव्हती. तिला वाटायचं, आपण बसलो तर ह्या सगळ्या घरी पळतील.

वर आणखी एक रीत. "दमलीस का?" असं विचारलं तर हसून "छे छे, मुळीच नाही" म्हणायचं. जीव गेला तरी. आपल्यापायी दुसऱ्याला त्रास नको ना!

त्यामुळे माझ्या नशिबी काय? पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, चपला. एका कोंबडीनं तर माझ्यावर संसारच मांडला होता. अंडं घातलं की असं ओरडायची, जसं काही हत्ती जन्माला घातलाय.

मग एका वर्षी विजीला डेंगू झाला.

विजी कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी. नवरा गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. ह्या रविवारच्या नाचानंच तिला दाराबाहेर ओढलं होतं. तापातून उठली आणि महिन्याभरानं परत आली. पहिल्या रविवारी काय नाचली म्हणून सांगू! फणसावरची पानं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या रविवारी मात्र दुसऱ्याच गाण्याला तिचे पाय शिशाचे झाले.

"बरं आहे ना गं?" एन्दांगनं विचारलं.

"हो हो, मस्त!" विजी हसली. ओठ पांढरे पडलेले.

तिसऱ्या रविवारी पुन्हा झकास. चौथ्या रविवारी ती हळूच माझ्यामागं आली, माझी पाठ घट्ट धरली आणि उभ्या उभ्या थरथरायला लागली. बस ना बाई, मी मनात म्हणत होतो. बस! ती बसली नाही. पुढं आजी हात हलवत उभी होती ना.

गाणं संपल्यावर एन्दांग तिच्याजवळ आली तेव्हा विजी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी आता यायचं बंद करते. एक दिवस अंगात वारं, एक दिवस चिखल. काय भरवसा या शरीराचा? कधीतरी पडेन आणि सगळ्यांचा खोळंबा करेन."

"अगं, पण घरी बसून काय करशील?"

"बसेन," विजी म्हणाली. "घरी बसता तरी येतं."

आजी दोन हातांवर बाटली शोधत होती. तिला कानानं कमी ऐकू येतं, असं सगळी गल्ली म्हणते. गल्लीला काय ठाऊक!

पुढच्या रविवारी विजी आली ती साध्या कपड्यात. हिरवा टी-शर्ट परत द्यायला धुऊन, इस्त्री करून आणलेला, त्यावर केळ्याच्या चकत्यांचा पुडा. माझ्यावर ठेवला आणि वळून निघाली. मित्रांनो, माझ्या अंगावर हत्ती बसला असता तरी इतकं जड वाटलं नसतं.

तेवढ्यात आजी ओरडली, "आई गं! मेले गं बाई!"

गाणं थांबलं. आजी गुडघा धरून लंगडत आली आणि माझ्यावर बसली. "दमले," म्हणाली. सगळ्या गल्लीसमोर. हा शब्द त्या मैदानानं पहिल्यांदा ऐकला.

"डॉक्टरला बोलवू का, आजी?" एन्दांग घाबरली.

"डॉक्टरला नको, विजीला बोलाव. ए विजी, कुठं निघालीस? इथं ये. एकटीनं बसायची लाज वाटते मला."

आजीनं बोलावल्यावर नाही कोण म्हणणार? विजी आली, बसली. आणि अशी बसली, जसं ओलं भाताचं पोतं टाकावं. माझी हाडं वाजली. खरा दमलेला माणूस असा बसतो. आजी? आजी चिमणीसारखी टेकली होती! गुडघ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. मला कळलं, पण मी कशाला बोलू?

"भरवसा नाही म्हणतेस शरीराचा," आजी हळूच म्हणाली. "ती कोंबडी बघ. काल अंडं घातलं, आज नाही. म्हणून काय उद्या खुराड्यात यायचं बंद करते का?"

विजी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"रड, पण हात हलव," आजी म्हणाली. "आज पायांची सुट्टी आहे, हातांची नाही. एन्दांग, लाव गं गाणं!"

दोघी बसल्या बसल्या हात वर करायला लागल्या. आजी बसली म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळीकच मिळाली. एक आली, दुसरी आली, "सरक गं, किती जागा लागते तुला!" करत सात जणी चढल्या. आणि कडाड! गेला माझा पाय. सात हिरव्या बायका मातीत लोळून हसत होत्या आणि कोंबडी फणसावर जाऊन शिव्या देत होती.

त्या दिवशी व्यायामानंतरची मुगाची गोड पेज विजीनंच वाढली. टी-शर्ट घरी परत घेऊन गेली. वीट मात्र आजीनं स्वतः आणून लावली.

तेव्हापासून तिसऱ्या गाण्याला ज्याला बसायचं तो बसतो. विजीचे पाय कधी वारा, कधी चिखल, पण रविवार चुकत नाही. चिखलाचे दिवस आता कमीच झालेत.

ह्याला चार वर्षं झाली. गेल्या रविवारी पहिल्याच गाण्याला आजीचा हात अर्ध्यातच थांबला. ओठ पांढरे. "बरं आहे ना, आजी?" कुणीतरी विचारलं.

"मस्त!" आजी हसली.

आणि विजी एकदम ओरडली, "आई गं! दमले बाई मी! आजी, चला ना, एकटीनं बसायची लाज वाटते मला."

आजीनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग दोघी आल्या. आजी बसली, ओल्या पोत्यासारखी. विजी टेकली, चिमणीसारखी.

मित्रांनो, मी जन्मभर थापा मारल्या. चंद्राची पाठ खाजवली. पण इतकी चांगली थाप मला एकदाही जमली नाही. तुमच्या शेजारी कुणी पांढऱ्या ओठांनी "मस्त" म्हणालं, तर तुम्ही मारून बघा. आणि जवळपास माझ्यासारखा एखादा बाक असेल, तर त्याच्यावरच्या तेवढ्या चपला उचला.