व्हर्लीनचा हात

हॉइट टिडवेलच्या अंगणात, हायड्रेंजियाच्या झुडपाला लागून, माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावाची पाटी निवडणूक होऊन कितीतरी काळ लोटला तरी उभीच होती. आपला माणूस हरला हे हॉइटला मान्य नव्हतं. पाटी काढली म्हणजे हार कबूल केली, असं त्याचं साधं गणित. त्याची बायको व्हर्लीन गवत कापायचं यंत्र त्या पाटीला वळसा घालून न्यायची आणि पाटीच्या बुडाशी राहिलेलं गवत गुडघे टेकून कात्रीनं कापायची. तिचं स्वतःचं मत काय, ते तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. हॉइटलाही नाही. "मत द्यायला आडोसा काय उगाच करतात का?" एवढंच म्हणायची.

हॉइट एसी दुरुस्त करायचा. आता निवृत्त झाला होता, पण जॉर्जियात ऑगस्टच्या उन्हात एसीवाल्याला पाद्र्याच्या खालोखाल मान असतो, त्यामुळे त्याला ओळखत नाही असा माणूस आसपास नव्हता. व्हर्लीन चर्चमध्ये पियानो वाजवायची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली. भांडणं झाली ती बहुतेक खिडकी उघडी की बंद यावरून. मुलगी दूर टेनेसीत. एकूण काय, दोघांना एकमेकांशिवाय फारसं कुणी नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी व्हर्लीनला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टाचं बोलावणं आलं. ग्रँड ज्युरीवर नेमणूक. या कामात कुणाला शिक्षा द्यायची नसते. सरकारी वकील पुरावा मांडतात आणि वीसेक साध्यासुध्या माणसांनी बंद दाराआड ठरवायचं, की खटला उभा राहावा असं यात काही आहे का. असेल तर हात वर. पहिल्याच दिवशी सगळ्यांना शपथ दिली गेली, की खोलीतलं खोलीतच राहील, कोण काय बोललं आणि कुणाचा हात कुठे होता, ते कधीच बाहेर जाणार नाही.

हॉइटची छाती फुगली. "माझी बायको कोर्टात बसते," असं तो किराणाच्या दुकानात, कुणी विचारलं नसताना, सांगायचा. आठवड्यातून दोनदा कोर्टात जायला तो तिला गाडीतून रेल्वे स्टेशनवर सोडायचा आणि हातात चीज सँडविचचा डबा द्यायचा. संध्याकाळी आणायला गेला की विचारायचा, "डबा संपवलास का?" दुसरं काही नाही.

ऑगस्ट उजाडला आणि कोर्टाभोवती लोखंडी कठडे लागले. रस्त्यावर टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची रांग. निवडणूक हरल्यावर निकाल फिरवण्यासाठी माजी राष्ट्राध्यक्षांनी राज्यातल्या अधिकाऱ्यांवर दबाव आणला, हे प्रकरण आता ग्रँड ज्युरीपुढे येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण कोर्टात ग्रँड ज्युरी दोन होत्या, आलटून पालटून बसणाऱ्या. प्रकरण कुणाच्या गळ्यात पडणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुझ्या वाट्याला आपली चोरीमारीच येऊ दे," हॉइट गाडी चालवता चालवता म्हणाला. व्हर्लीननं मान हलवली. ती त्यासाठी प्रार्थनाही करत होती.

देवाला त्या आठवड्यात इतर कामं असावीत. सोमवारी प्रकरण तिच्याच खोलीत आलं.

दिवसभर तिनं ऐकलं. साक्षीदार आले, गेले. ती पियानोवर बसते तशी पाठ ताठ करून बसली होती आणि एकही शब्द निसटू देत नव्हती. शेवटी वकील बाहेर गेले, दार बंद झालं आणि हात मोजले गेले. तिचा हात वर होता की मांडीवर, हे विचारू नका. तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा ही गोष्ट तरी कुठून सांगणार? आरोप ठेवायला पुरेसे हात वर झाले, एवढं मात्र सगळ्या जगाला पुढे कळलं.

पर्स आवरताना कोर्टाची कारकून बाई सहज म्हणाली, "न्यायाधीश उद्या सकाळी आरोपपत्र उघडतील. तेव्हा फोन जरा सांभाळून हं. पहिल्याच पानावर नावं आहेत."

"कुणाची नावं?" व्हर्लीननं विचारलं.

"तुमची. सगळ्यांची. आपल्याकडे पूर्वीपासून तशीच रीत आहे, व्हर्लीनबाई. कुणाचा हात वर होता ते नसतं त्यात. पण नावं असतात."

व्हर्लीन पुन्हा खुर्चीत बसली. एवढे दिवस ती धरून चालली होती, की खोलीतलं सगळं गुप्त, म्हणजे आपणही गुप्तच. इतकी आरोपपत्रं त्या खोलीतून गेली, पण एकाचंही पहिलं पान तिनं पाहिलं नव्हतं. आता सकाळी हॉइट टीव्ही लावणार, किंवा त्याचा दोस्त लॅमार फोन करणार, आणि ज्या माणसाची पाटी त्यानं अंगणात जपली त्याच्यावरच्या आरोपपत्रावर त्याला स्वतःच्या बायकोचं नाव दिसणार. कागद उघडेपर्यंत तिला तोंड उघडायची मुभा नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. त्याला हे परक्याच्या तोंडून कळणार होतं.

घरी हॉइटनं टोमॅटोची सँडविचं करून ठेवली होती. बागेतले टोमॅटो, पांढरा पाव, मेयोनेज आणि वर मिरपूड. ती अर्धंच खाऊ शकली. हॉइटनं तिच्या बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बातम्यांची वेळ झाली होती. त्यानं रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "आज डोकं दुखतंय. काहीतरी वाजव ना."

तिनं वाजवलं. दोनदा चुकली. तो पायानं ताल धरून ऐकत राहिला.

सकाळी उठल्या उठल्या ती म्हणाली, "हॉइट, मासे धरायला जाऊ या."

"तू?" तो कॉफी ओतता ओतता थांबला. "तुला तर गळाला लावायचे नाकतोडे बघितले तरी शिसारी येते."

"आज नाही येणार."

खरं कारण असं, की तळ्यावर फोन चालत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तांबडं फुटेल तेव्हा आपण त्याच्याजवळ असावं, एवढंच तिला हवं होतं.

छोट्या होडीत दोघं समोरासमोर बसली. हॉइटनं तिच्या गळाला नाकतोडा लावून दिला. ती पाण्याकडे न बघता मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. न्यायाधीशांची वेळ टळली. तिनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

"हॉइट, आज कोर्टात एक कागद उघडलाय. त्यावर माझं नाव आहे."

"प्रकरण तुझ्याकडे आलंय, ते माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तूच. अगं, इतक्या वर्षांत तू टोमॅटोचं सँडविच कधी अर्धं टाकलं होतंस का? न्यूमोनिया झाला होता तेव्हासुद्धा संपवलंस."

"मग काल बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? विचारलं असतं तर तू खोटं तरी बोलली असतीस, नाहीतर शपथ तरी मोडली असतीस. दोन्ही तुला पचलं नसतं आणि मग रात्रभर मला झोपू दिलं नसतंस." त्यानं गळ वर ओढून पाहिला. नाकतोडा जागच्या जागी होता. "म्हणून म्हटलं, टीव्हीच बंद केलेला बरा."

व्हर्लीनला रडू कोसळलं. मोठ्यानं, नाक ओढत, चर्चच्या पियानोवालीला शोभणार नाही असं. हॉइटनं खिशातला फडका दिला. त्याला माशांचा वास येत होता. तिनं तोच डोळ्यांना लावला.

"ऐक," तो म्हणाला. "मला अजूनही वाटतं, की त्याच्यावर सूड उगवतायत. माझं मत काही बदलायचं नाही."

"बदल म्हटलं का मी?"

"नाही म्हटलंस. पण..." तो थांबला. प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला तिला स्पष्ट दिसला. तुझा हात कुठे होता, व्हर्लीन? त्यानं पाण्याकडे तोंड फिरवलं. "आज मासे गळाला लागत नाहीयेत," तो म्हणाला.

त्या क्षणी तिला तो जितका आवडला, तितका लग्नाच्या दिवशीही आवडला नव्हता.

घरी आल्यावर फोन थांबेना. कुणीतरी नावांसोबत पत्तेही शोधून इंटरनेटवर टाकले होते. एक फोन हॉइटनं घेतला. नुसता ऐकत उभा राहिला. त्यानं फोन ठेवला.

"कोण होतं रे?"

"आपल्यातलाच कुणीतरी," तो म्हणाला, आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "आपल्यातलाच. असं बोलला तुझ्याबद्दल." संध्याकाळी शेरीफची पोलीस गाडी घरावरून दोनदा चक्कर मारून गेली. हॉइट दारात खुर्ची टाकून बसला, आणि व्हर्लीन आत ये म्हणाली तरी बराच वेळ आत आला नाही.

गुरुवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. "तयार हो. न्याहारीला जायचंय."

गुरुवारची न्याहारी म्हणजे हॉटेलातलं पुरुषांचं टेबल. लॅमार, रॉइस, हॉइट आणि आणखी दोघं-तिघं वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात बसून देशाचा कारभार हाकायचे. बायका तिकडे फिरकत नसत, आणि खरं सांगायचं तर त्यांना फिरकायचंही नसे.

"मी कशाला?" व्हर्लीन म्हणाली.

"भूक लागते म्हणून."

ती दोघं आत शिरली तशी टेबलावरची बडबड थांबली. हॉइटनं शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आपल्या जागेशेजारी ठेवली. व्हर्लीन बसली. वाढणारी जोनेल कॉफी घेऊन आली आणि "व्हर्लीनबाई, मक्याच्या ग्रिट्सवर लोणी जास्त ना?" एवढं विचारून घाईनं गेली.

लॅमार माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोच्या अंत्यविधीला व्हर्लीननंच पियानो वाजवला होता. तो पुढे झुकून हळूच म्हणाला, "हे बघ, व्हर्लीन, त्या कागदावर सगळ्यांचीच नावं आहेत. कुणाचा हात वर, कुणाचा खाली, ते कुठे लिहिलंय? तू फक्त एवढं म्हण, की माझा हात खाली होता. आम्ही तुझ्या शब्दावर विश्वास ठेवू. विषय संपला. सगळ्यांना तसंच सांगू."

एवढं सोपं होतं. व्हर्लीननं टेबलावर ठेवलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हो म्हटलं तर हॉइटचे दोस्त हॉइटचेच राहणार होते. फोन थांबणार होते. ते खरं असतं तरी तिला म्हणता येत नव्हतं, आणि खोटं असतं तरी.

"मी शपथ घेतली आहे, लॅमार," ती म्हणाली.

"अगं, आम्हीच तर आहोत इथे!"

"म्हणजे वर होता," रॉइस खुर्ची मागे सारत म्हणाला. "खाली असता तर सांगून मोकळी झाली असती. हॉइट, तू तरी बोल. तुला तर सांगितलंच असेल ना?"

"मला नाही सांगितलं."

"घरात एका उशीवर झोपता आणि तुला माहीत नाही?"

"नाही." हॉइटनं मऊ पावासारख्या बिस्किटावर ग्रेव्ही ओतली. थोडी टेबलावर सांडली. "ही एकदा जत्रेत मुरंब्याच्या स्पर्धेला परीक्षक होती. हिच्या सख्ख्या बहिणीचा मुरंबा तिसरा आला. हिनं तिला किती गुण दिले, ते ती बिचारी जाईपर्यंत विचारत होती. हिनं सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मग तुला कशी सांगेल, रॉइस? तू तिचा कोण लागून गेलास?"

लॅमारला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. रॉइसला आलं नाही. तो उठला, टोपी घातली आणि निघून गेला. त्याच्यामागून आणखी एकजण गेला. लॅमार आपल्या ताटात बघत राहिला. पण तो उठला नाही. हॉइटनं सगळं संपवलं. नेहमीपेक्षा हळू, एकेक घास गिळत. रॉइसशी त्याची शाळेपासूनची दोस्ती होती. व्हर्लीननं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि न्याहारी संपेपर्यंत काढला नाही.

बाहेर ऊन तापलं होतं. गाडीपाशी आल्यावर हॉइट किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"व्हर्लीन."

"काय?"

"मी मरायला टेकेन, तेव्हा तरी सांगशील?"

तिला सांगावंसं वाटत होतं. त्या एका माणसाला सगळं, आत्ताच्या आत्ता, भर उन्हात.

"नाही," ती म्हणाली.

"कानात?"

"कानातही नाही, हॉइट."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते शर्टाच्या बाहीला पुसले. "तू बदलायची नाहीस. मग निवांत मरता येईल," तो म्हणाला. त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं, ती बसेपर्यंत धरून ठेवलं आणि मग हळूच लावून घेतलं.