वीस शिड्या, एकोणीस ठिपके

विद्यापीठाच्या गणित विभागाच्या दारावर एक पत्रक चिकटवलेलं होतं : ‘उपयोजित गणित शिका, उद्योगात या.’ ते वाचूनच चिंगी आत शिरली होती. गणित शिकून करणार काय, पोरांना पाढे शिकवणार? असं विचारून नातेवाइकांनी तिला भंडावून सोडलं होतं, आणि तिनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं, की कारखान्यात जाईन. रंगाऱ्याची पोर, अंगानं एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. म्हणून घरात तिला चिंगी म्हणत, आणि वर्गातही तेच नाव पडलं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला चार महिने एखाद्या कंपनीत प्रकल्प करावा लागे. शंभरातले तीस गुण कंपनीच्या प्रमाणपत्राचे, सत्तर विभागाचे, आणि काम पसंत पडलं तर वर नोकरीचं पत्र. कुणी विमा कंपनीत गेलं, कुणी टायरच्या कारखान्यात. चिंगीच्या वाट्याला अॅल्युमिनियमच्या शिड्या करणारी कंपनी आली. बाबांना कोण आनंद! अख्खा जन्म शिडीवर काढलेला माणूस तो. पोरगी शिडीचं गणित करणार, हे त्यांनी ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला सांगून झालं.

काम सरळ होतं. कंपनीच्या शिड्यांवर ‘दीडशे किलो’ असा शिक्का असे, कंपनीला तिथं ‘दोनशे’ छापायचं होतं. त्यासाठी गोदामातून वीस शिड्या उचलून मशीनखाली मोडेपर्यंत दाबायच्या, आणि त्या वीस आकड्यांवरून लाखात किती शिड्या दोनशेच्या आत मोडतील ते काढायचं. एकोणीस शिड्या चारशेच्या आगेमागे मोडल्या. एक मोडली एकशे अठराला.

तो एक ठिपका आलेखाच्या पार डाव्या कोपऱ्यात एकटाच बसला होता. त्याच्यामुळे सगळा हिशेब वाकडा होत होता.

“अहो, मशीनचा पट्टा सरकला असणार,” तपासणी विभागाचे साहेब म्हणाले. माणूस हसतमुख, कुणावर आवाज चढवणार नाही असा. “एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. काढून टाका.”

आणि चिंगीनं काढला. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं. ठिपका जाताच रेषा अशी गुळगुळीत बसली की पुस्तकात छापावी. दोनशेच्या आत मोडणारी शिडी लाखात एकही निघेना. साहेब इतके खूश झाले, की गोदामातली एक कोरी शिडी त्यांनी तिला बक्षीस दिली. “बाबांना द्या,” म्हणाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं बाबांना आलेख दाखवला. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. बोट ठेवून ठेवून त्यांनी ठिपके मोजले.

“किती शिड्या मोडल्या म्हणालीस?”

“वीस.”

“हे एकोणीस आहेत.”

“एक चुकीची निघाली, बाबा.”

“चुकीची म्हणजे? मोडलीच नाही?”

“मोडली. पण फार लवकर मोडली.”

बाबांनी चष्मा काढला. “म्हणजे उद्या एखादा शिडीवरून पडला, तर त्याला सांगायचं का, की तू चुकीचा पडलास म्हणून?”

एवढं बोलून ते झोपायला गेले. चिंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं आकड्यांशी डोकं फोडायचं, आणि सातवी नापास माणसानं दोन वाक्यांत तोंड बंद करायचं!

सकाळी कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं मशीन चालवणाऱ्या काकांना गाठलं.

“काका, ती लवकर मोडलेली शिडी आठवते? पट्टा सरकला होता का?”

“पट्टा? छे! पायरी धरून ठेवणारं रिव्हेट निसटलं. मी वहीत लिहिलंय की. सात नंबरच्या घाण्यातली होती ती.” घाणा म्हणजे एका खेपेला तयार झालेल्या शिड्या. त्या घाण्याचा नंबर शिडीच्या पायाशी ठोकलेला असे.

बक्षिसाची शिडी घेऊन बाबा सकाळीच कामावर गेले होते. तिनं तिथूनच बाबांना फोन लावला.

“अगं, मी वर आहे, नंतर बोलू.”

“आधी खाली या. शिडीच्या पायाशी आतून नंबर आहे, तो वाचा.”

बराच वेळ नुसता खडखडाट ऐकू आला. मग बाबा म्हणाले, “सात.”

“परत चढू नका.”

“छत हातभर राहिलंय गं.”

“बाबा, राहू दे छत!”

बाबांचं वजन ब्याण्णव, शिडीला टांगलेला रंगाचा डबा तीस किलोचा. बेरीज करायला विद्यापीठात जावं लागत नाही.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. सात नंबरच्या चारशे शिड्या अजून गोदामात होत्या. “त्यांतल्या फक्त पाच मोडू या,” ती म्हणाली. “चांगल्या निघाल्या तर तो ठिपका मी स्वतःच्या हातानं पुसते आणि तुमची माफी मागते.”

साहेबांचं हसू तसंच राहिलं. “शिक्के छापायला गेलेत. पुढच्या आठवड्यात तुमचं सादरीकरण, मग लगेच नोकरीचं पत्र. एकोणीस ठिपके ठेवा. आणि प्रमाणपत्रावर सही माझी असते, एवढं लक्षात असू द्या.”

तिला भीती वाटली नाही असं नाही. चांगलीच वाटली. नोकरी गेली तर नातेवाईक काय म्हणतील हे तिला शब्दन् शब्द पाठ होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. ठिपका साहेबांनी काढला नव्हता. तिनं काढला होता, आणि वर बक्षीस घेतलं होतं.

सादरीकरणाच्या दिवशी ती खांद्यावर शिडी घेऊन विभागात आली. दारातच तिचे मार्गदर्शक उभे होते. त्यांचं एकही वाक्य ‘तथापि’शिवाय पुरं होत नसे, म्हणून पोरं त्यांना तथापि सर म्हणत. शिडी पाहून त्यांना तोही शब्द सुचला नाही.

पडद्यावर आलेख आला. वीस ठिपके. विसावा तिनं लाल केला होता.

कंपनीतर्फे आलेले साहेब पहिल्या रांगेतून म्हणाले, “तो काढायचं ठरलं होतं.”

“ठरलं होतं. मी काढलाही होता, आणि ती माझी चूक होती. तो धरला तर दोनशेचा शिक्का खोटा ठरतो. दीडशेचाही ठरतो.”

“एका शिडीवरून? अहो, सरासरी बघा ना! चारशेच्या घरात आहे.”

“शिडीवर सरासरी चढत नाही, साहेब. माझे बाबा चढतात.” तिनं शिडी उघडून त्यांच्यासमोर उभी केली. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही तुम्हीच दिलेली. चढा.”

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब उठले. आता मागे कसं सरायचं? त्यांनी कोट खुर्चीवर टाकला, एक हात शिडीला लावला, पाय उचलला. मग त्यांची नजर खाली गेली. पायाशी सातचा आकडा होता.

उचललेला पाय त्यांनी जमिनीवर ठेवला.

“हा काय पोरखेळ आहे,” ते म्हणाले, पण शिडीकडे न बघता. कोट उचलून ते निघून गेले. ते खरंच चढले असते तर आपण हात धरून खाली ओढलं असतं, असं चिंगीनं नंतर कबूल केलं.

तथापि सरांनी घसा खाकरला. “प्रमाणपत्राचे तीस गुण गेले. नोकरीही गेली, असं समज.” मग म्हणाले, “तथापि, सत्तर माझ्या हातात आहेत.”

सत्तरातले अडुसष्ट मिळाले. दोन कशाचे कापले, असं ती भांडायला गेली. पहिल्यांदा ठिपका काढल्याचे, सर म्हणाले. ती आल्या पावली परतली.

दहा दिवसांनी मशीनवाल्या काकांचा फोन आला. आवाज दबका होता. “साहेबांनी सात नंबरच्या पाच मोडायला लावल्या. दोन दीडशेच्या आतच गेल्या. गोदामाला कुलूप घातलंय, आणि नवे शिक्के रद्द.”

“आणि मला बोलावलंय?”

“नाही गं, पोरी.”

चिंगी मोठ्यानं हसली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या लाकडी शिडीवर उभे असलेले बाबा दचकले. तिच्यापुढे दुसऱ्या कंपनीचा अर्ज होता. त्यात एक रकाना होता : प्रकल्पाच्या कंपनीनं नोकरी न देण्याचं कारण.

तिथं तिनं ठळक अक्षरांत लिहिलं : ‘वीस शिड्या मोडल्या होत्या. मी वीसच दाखवल्या.’