ढोराच्या टाक्यात पडलेलं तीर्थ

इसरूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातल्या धीवरांनी त्या सकाळी जाळी खुंटीलाच ठेवली होती, त्यामुळे प्राणहिता नदीतल्या मासोळीला आयतीच सुट्टी मिळाली होती. तीर्थ ओतून आठवडाभर लाल फडक्यानं झाकलेलं सिमेंटचं टाकं गावात उतरलेल्या पाणीबाबानं उघडलं. ज्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, तिथे आता अळी औषधालाही नव्हती.

"मंत्रानं मारल्या," बाबा म्हणाला. "हिवतापाचं मूळच तोडलं. आता गोळी बंद. गोळी पोटात गेली की मंत्र उलटतो. मग मला शोधू नका, मी हिमालयात असेन."

हिमालयात कुठे, ते कोणी विचारलं नाही. इसरूनं आपला कोंबडा बाबाच्या जीपमध्ये नेऊन ठेवला.

वच्छलाबाई मागे मान खाली घालून उभी होती. तिच्या घरीही तेच तीर्थ, तेच फडकं. पण टाकं उघडलं तर अळ्या होत्या तशाच, उलट लेकुरवाळ्या झालेल्या. आणि घरात नात आचल हिवतापानं कुडकुडत होती. नर्सबाईनं रक्त तपासून दिलेल्या गोळ्या बाबाच्या हुकमानं फळीवर पडून होत्या.

"साऱ्या गावाला गुण आला, तुझ्याच घरी नाही," बाबा गरजला. "घरात पाप आहे. पोरीला संध्याकाळी माझ्या आसनापाशी आणून झोपवा. तीन दिवस पाण्याशिवाय काही द्यायचं नाही."

"आणतो महाराज," वच्छलाबाईचा मुलगा खुशाल म्हणाला. पोरीचा बापच तो. वच्छलाबाई घराकडे वळली. ज्या पोरीला मान उचलवत नाही, ती उपाशी कशी तगेल?

घरी येऊन ती गाईला पाणी दाखवायला गोठ्यात गेली. तिथलं टाकं कधी कोणी घासत नसे, अळ्यांचं ते माहेरच. पण आज पाणी कसं निवळशंख. आत बोटाच्या पेराएवढ्या चार मासोळ्या फिरत होत्या.

आता, धीवराच्या घरात पाण्यात मासोळी दिसली तर कोण ढुंकून बघतो? ज्या बादलीत मासोळी आणायची, तीच धुऊन विहिरीवर न्यायची. घरच्या पाण्यात एखादी बारकी मासोळी निघणं म्हणजे तांदळात खडा निघणं. वच्छलाबाईला मात्र न गाळलेलं पाणी चालत नसे, मग ते तीर्थ का असेना. तिनं बाबाचं हळद घातलेलं तीर्थ पदरातून गाळून घरच्या टाक्यात ओतलं होतं, आणि पदरात राहिलेलं सवयीनं, न बघताच, ढोराच्या टाक्यात झटकलं होतं.

"म्हणजे पाप माह्या घरी अन् पुण्य तुह्या गोठ्यात?" ती गाईला म्हणाली. मग तिनं एक मासोळी लोट्यात धरली आणि तडक रीता नर्सबाईचं घर गाठलं.

रीतानं लोट्यात बघितलं आणि तिला हसू आवरेना. "हे गप्पी मासोळी आहे बाई. डासाच्या अळ्या खाते. दवाखान्याच्या हौदात पाळतो आम्ही, फुकट देतो. मागच्या साली तुमच्याच गावात घेऊन आली होती मी. धीवराले मासोळी दाखवते का म्हणून वापस पाठवलं मले. मागच्या हप्त्यात एक दाढीवाला डबे भरभरून घेऊन गेला."

"मंग माह्या पोरीचा ताप?"

"मासोळी पाण्यातल्या अळ्या खाते, रक्तातला हिवताप नाई खात. त्याले गोळीच लागते. बंद काऊन केली?"

वच्छलाबाईला आधी रडू आलं आणि मग संताप आला.

संध्याकाळी खुशाल आचलला खांद्यावर टाकून इसरूच्या अंगणात शिरला, तर आई वाटेतच उभी. शेजारी नर्सबाई.

"महाराज, तीर्थ द्या," वच्छलाबाई म्हणाली. "पण मी गाळून घेईन."

"तीर्थ गाळत नसतात. पाप लागतं."

"पाप तं हायेच माह्या घरी. अजून थोडं लागलं तं लागलं."

तिनं बाबापुढची तीर्थाची घागर उचलली आणि पदरावर पालथी केली. हळदीचं पाणी वाहून गेलं. पदरावर मासोळ्या तडफडत राहिल्या. खुशाल वाकला. "हे आपल्या नदीतली नाई," तो हळूच म्हणाला.

"हे देवाचे दूत आहेत," बाबा सावरून बोलला.

"दूत दवाखान्यात फुकट भेटते," वच्छलाबाई म्हणाली. रीतानं मग कुठल्या हौदातले, कशासाठी पाळलेले, सगळं सांगितलं. ती सांगत होती तेवढ्यात जीप सुरू झाली. इसरू कोंबड्यासाठी मागे धावला, पण कोंबडा दुपारीच बाबाच्या पोटात गेला होता.

गर्दी हलेना. शेजारची कलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली. "मंग मासोळीचीच पूजा करू."

"पूजा नोको करू," वच्छलाबाई म्हणाली. "टाक्यात सोड, करू दे तिले तिचं काम. आपण जन्मभर मासोळी धरतो, अन् आपल्यालेच मासोळी इकून गेला थो. काऊन? साऱ्यायनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं, पाण्यात कोणीच नाई पाह्यलं. मी बी नाई. उद्या दुसरा कोणी आला तं आधी इचारा, हे होते कसं? जो सांगत नाई, त्याले हात नोका जोडू."

खुशालनं मान वर केली नाही. वच्छलाबाईनं त्याच्या खांद्यावरून पोरीला आपल्याकडे घेतलं आणि घरी नेलं. फळीवरची गोळी काढून तिनं रीतानं सांगितल्याप्रमाणे आचलला दिली. गोळी कडू. आचलनं तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकली.

वच्छलाबाईनं दुसरी काढली.