लव्हाळं आत येणारच

"चिखल!" शाळेचे मुख्याध्यापक गिलरॉय मास्तर असे ओरडले, जणू वर्गात डुक्करच शिरलंय.

बाकांवर ओल्या लव्हाळ्याचे भारे पडले होते. उद्या संत ब्रिजिदचा दिवस. आदल्या संध्याकाळी लव्हाळं घरात आणायचं, त्याचे क्रूस विणायचे आणि दारावर लावायचे, ही गावाची रीत. म्हणून डर्व्हला बाईंनी सकाळीच पोरांना ओढ्याकाठी नेलं होतं. लव्हाळं कापायचं नसतं, हातानं उपटायचं असतं. पोरांचे तळवे लाल झाले होते, पण तोंडं कशी फुलली होती!

मास्तरांनी टेबलावर एक खोकं आदळलं. आत हिरव्या टोप्यांचे, लाल दाढीचे कागदी बुटके, पर्यटकांच्या दुकानात मिळतात तसले. "ही घ्या आयर्लंडची संस्कृती! गोंद लावा, चिकटवा. संध्याकाळी पाहुणे येतायत. हा कचरा सभागृहात दिसता कामा नये."

"मास्तर, हे बुटके आपल्या गावात कोणाच्या दारावर टांगतात हो?" बाईंनी विचारलं.

"तोंड सांभाळा बाई, तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही," असं म्हणून मास्तरांनी भारे उचलून सायकलींच्या छपराखाली फेकायला लावले.

डर्व्हला बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली खड्ड्यात! पण पोरांनी सोलवटलेल्या हातांनी आणलेलं, आणि त्याला कचरा म्हणायचं?

"बाई, आता आपले क्रूस कुठं विणायचे?" छोटी म्विरन रडकुंडीला आली होती.

"सभागृहातच विणायचे. डोळे पूस आणि ही माझी शाल घे डोक्यावर. आज ब्रिजिद तू."

संध्याकाळी सभागृह पाहुण्यांनी आणि पोरांच्या आईबापांनी गच्च भरलं. आत मास्तरांचं भाषण सुरू झालं, आणि बाहेर भुरभुर पावसात म्विरननं बंद दारावर थाप मारली.

"ब्रिजिद आलीय! आत घ्या!"

ही हाक तीनदा द्यायची आणि आतल्यांनी 'ये' म्हणायचं, अशी रीत. आतून मात्र मास्तरांचाच आवाज आला, "कोणी उठायचं नाही. पोरांचा चावटपणा आहे."

दुसरी हाक गेली. मास्तरांनी भाषण पुढं रेटलं. बाईंनी दाराला कान लावला. सगळं गाव या माणसाला भ्यायलं की काय?

"आता सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, "घसा फाटला तरी चालेल."

तिसऱ्या हाकेनं खिडक्या थरथरल्या. आत खुर्ची करकरली आणि मास्तरांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. "मॅलकी, तुझ्या पाळण्यावर लव्हाळ्याचाच क्रूस होता रे. त्या दिवसांत ब्रिजिदला कधी दारात ताटकळत ठेवली होती का आपण? ये गं बाई, ये!"

मग काय, सगळं सभागृहच उठलं. "ये! ये! घर तुझंच आहे!"

दार उघडलं. उघडणारे मास्तरच होते, लालबुंद.

"बाई, सोमवारी माझ्या खोलीत या."

"येते की," डर्व्हला बाई म्हणाल्या. "आत्ता मात्र बाजूला व्हा. ब्रिजिदला वाट द्या."

मास्तर बाजूला झाले, आणि काखेत भारे घेतलेली पोरं चिखलाच्या पायांनी आत शिरली.