अपडाऊनवाल्यांची ग्रामसभा

त्या कॉलेजात पोरं दोनच प्रकारची. गावातली आणि अपडाऊनवाली. गावातली म्हणजे तास सुटला की घरी चहा पिऊन दहा मिनिटांत परत येणारी. अपडाऊनवाली म्हणजे सकाळी डबा घेऊन एसटीनं यायचं आणि दुपारी तीन चाळीसच्या गाडीनं परत जायचं, ती. ही गाडी चुकली तर पुढची साडेसहाला, आणि ती आली तर आली. तिच्या भरवशावर कोणाची आई निवांत बसत नसे.

आणि सांस्कृतिक मंडळाचा सराव किती वाजता? तीन वाजता! वर्षानुवर्षं तीन वाजता. साहजिकच नाटकात कामं गावातल्यांना, आणि सतरंज्या झटकायला, खुर्च्या मांडायला अपडाऊनवाले. यात कोणाचा डाव होता असंही नाही. मंडळाचे प्रमुख नरहर सर भला माणूस. पण त्यांचं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. तीन चाळीस म्हणजे काय चीज असते हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या निकितानं मागच्या संमेलनात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. यंदा ती सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, आमाले बी एक नाटक द्या ना."

"अगं, तुम्ही सरावातून अर्ध्यात पळता. मागे दोघांना घेतलं होतं. गाडी आली म्हणून गेले, ते गेलेच."

"सराव आमचा आमी करतो. तुमी फक्त ष्टेजवर पंधरा मिनिटं द्या."

सरांनी चष्मा पुसला. "दिली पंधरा मिनिटं. पण फजिती झाली, तर पुढच्या वर्षी अपडाऊनवाल्यांची नावं मंडळात घ्यायचीच नाहीत. मग माझ्याकडे कुरकुर करत यायचं नाही. चालेल?"

निकिता "चालते" म्हणून बसली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्या एकटीच्या नाही, तर शंभर-सव्वाशे पोरापोरींच्या वतीनं पैज मारून आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडीतलीच तिघं तिनं गोळा केली. नयन, कपिल आणि जमनी. वाचनालयाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे ते कोणी सांगत नाही, अशा एका गावातली ग्रामसभा त्यांनी लिहून काढली. नयन सरपंच, कपिल ग्रामसेवक, जमनी पंच, आणि सगळ्यांना भंडावून सोडणारी म्हातारी मैनाबाई म्हणजे निकिता.

आता सराव करायचा कुठं? हॉल गावातल्यांकडे. रविवारी चौघं चार दिशांना, शेतात नाहीतर घरकामात. राहिली गाडी. पण गाडीतही एक गोम होती. नयनचा खैरी फाटा कॉलेजपासून आठ मिनिटांवर. त्यापुढं जमनीचा तांडा. निकिता आणि कपिल पार शेवटच्या पांगरीचे. म्हणजे चौघं एकत्र असायची ती फक्त आठ मिनिटं, आणि नाटक पंधरा मिनिटांचं.

निकितानं डोकं लढवलं. दुपारी गाडी सुटली की पहिला अर्धा भाग करायचा. सकाळी नयन फाट्यावर चढला की दुसरा अर्धा. दोन्ही मिळून नाटक पुरं. हिशोब चोख होता, आणि त्याचा तिला अभिमानही वाटत होता.

तीन आठवडे हे चाललं. दांड्याला लोंबकळत, कोणाच्या पिशव्या पायांत, तरी संवाद चालूच. एकदा मागच्या सीटवरचे एक आजोबा तावातावानं उठले. "काहून देत नाही बे किल्ली? लेकरायनं वाचावं नाही का?" कंडक्टर लीलाबाईंनी त्यांना खाली बसवलं. "बाप्पा, नाटक हाय ते. तिकीट दाखवा." त्या दिवशी निकिताला पहिल्यांदा वाटलं, की हे जमेल.

संमेलनाच्या दिवशी त्यांचा नंबर दुपारी तीनला लागला. हॉल खचाखच. पुढं प्राध्यापक, मधे गावातली पोरं, मागं भिंतीला टेकून अपडाऊनवाली. निकितानं आईची जुनी नऊवारी नेसली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण पडदा वर गेला, पहिल्या दोन वाक्यांना हशा आला आणि गाडी रुळावर आली. पहिला भाग असा झरझर गेला की कपिलनं तिच्याकडे बघून हळूच भुवया उडवल्या.

मग पहिल्या भागाचं शेवटचं वाक्य आलं. मैनाबाई काठी आपटत पुढं झाली. "सरपंचसाहेब, सांगा आता! वाचनालयाची किल्ली हाय कोणापाशी?"

नयन खुर्चीवरून उठला. खुर्चीखाली हात घालून त्यानं आपली कॉलेजची सॅक काढली, खांद्याला अडकवली, आणि शांतपणे चालत स्टेजवरून निघून गेला.

निकिता बघतच राहिली. हे काय झालं ते तिला एका क्षणात कळलं. तीन आठवडे, रोज दुपारी, हे वाक्य संपलं की खैरी फाटा यायचा. रोज नयन सॅक उचलून उतरायचा. पुढचा भाग सुरू व्हायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन भाग एकमेकांना जोडून त्यांनी एकदाही केले नव्हते! तिच्या चोख हिशोबाला मधोमध हे एवढं भोक होतं आणि ते तिला दिसलंच नव्हतं.

हॉल गप्प. कपिलचा चेहरा पांढरा. पहिल्या रांगेत नरहर सरांनी चष्मा काढून हातात घेतला. गेलं सगळं, निकिताला वाटलं. आपल्यापायी सगळ्यांचं गेलं. आता पुढच्या वर्षी खुर्च्या, त्याच्या पुढच्या वर्षीही खुर्च्याच.

आणि मग तिला रागच आला. नयनचा नाही, स्वतःचाही नाही, त्या शांततेचा. ती लोकांकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "पाह्यलं का बाप्पा? किल्लीचं नाव काढलं का सरपंच असे पसार होतेत!"

हॉल हसून फुटला. प्राध्यापकसुद्धा मान मागे टाकून हसले. मागच्या भिंतीशी मात्र वेगळाच हशा पिकला होता. त्यांनी नयनला बरोबर ओळखलं होतं. "खैरी फाटाऽऽ! उतरा, उतरा!" म्हणून शिट्ट्या पडल्या. कपिलला तेवढ्यात सुचलं. "थांब मैनाबाई, धरूनच आणतो त्याईले," म्हणत तो विंगेत धावला आणि नयनला सॅकच्या पट्ट्याला धरून ओढत घेऊन आला.

"कुठं गेलते, सरपंच?" निकितानं विचारलं.

नयनला घाम फुटला होता. "मी... मी किल्लीच पाह्याले गेलतो."

टाळ्या थांबेनात. दुसरा भाग सुरू झाला आणि तो त्यांच्या हातचाच होता. पडदा पडला तेव्हा निकिताचा जीव भांड्यात पडला. पण आनंद करायलाही वेळ नव्हता. तीन पंचवीस झाले होते. सर काही म्हणण्याआधी चौघं स्टँडकडे पळत सुटली, निकिता नऊवारीत आणि नयन काजळाच्या मिशांसह.

गाडी लागलेलीच होती. निकिता खिडकीशी टेकते न टेकते, तोच नरहर सर धापा टाकत दारात उभे.

"निकिता! ते सरपंचाचं निघून जाणं... काय जागा शोधलीस! कोणाची कल्पना?"

नयन तिच्याकडे बघत होता. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण खोट्यावर मिळालेली जागा तिला नको होती.

"कल्पना कायची, सर? चुकलं ते." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. दुपारचा अर्धा, सकाळचा अर्धा, नयनचा फाटा. "तुमी सांगतलं होतं, फजिती झाली तं नावं नाही. झाली फजिती. लपवत नाही मी."

सर पायरीवर तसेच उभे राहिले. खचाखच भरलेल्या गाडीकडे, दांड्याला लोंबकळणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं.

"इथं केलात सराव? तीन आठवडे?"

"हो, सर."

"सर, येता का पांगरीपर्यंत?" लीलाबाई म्हणाल्या. "नाही तं बेल मारू का?"

"एक मिनिट थांबा, बाई." सर निकिताकडे वळले. दर वर्षी सूचनाफलकावर वेळ लिहून मोकळा होणारा हा माणूस आता घुटमळत बोलला, "पुढच्या वर्षी सराव किती वाजता ठेवू? तू सांग."

निकिताला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

"बारा वाजता ठेवा, सर," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "बाराला आमी समदे असतो."