चाकाखालचा ठोकळा

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना ठोकळा आहे. सुताराने मला तिरका तासला आणि सोळा चाकी ट्रकच्या केबिनमध्ये माझी जागा ठरली. ट्रक थांबला की मी चाकाखाली जातो. मी कामावर असलो की चालक निवांत झोपलेला.

आमचे चालक म्हणजे दाजी. त्यांचा मेहुणा जोडीदार चालक. चार तास झाले की गाडी बाजूला, मी चाकाखाली आणि वीस मिनिटं झोप, असा दाजींचा नेम. मला थोपटून ते म्हणायचे, "मेहुणा असावा तर असा. भार घेतो आणि बोलत नाही!"

एका दुपारी त्यांच्या लेकीचा फोन आला. "बाबा, दिवेलागणीपर्यंत याल ना?"

"येतो गं, बाळा."

चार तास उलटले होते. आदल्या रात्री धावत्या गाडीत दाजींना धड झोप लागली नव्हती. केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवा होताना मेहुण्याने विचारलं, "दाजी, ठोकळा घालू?"

"राहू दे रे. मला काय धाड भरलीय?"

पुढे पूल होता. त्याच्या सांध्यांवर मी नेहमी धडधडतो आणि दाजी एकदा हॉर्न वाजवतात. त्या दिवशी मी धडधडलो. हॉर्न वाजला नाही. बाहेर कोणीतरी ओरडलं. आत सगळं शांत होतं. गाडीचा वेगही तोच होता.

बऱ्याच वेळाने दाजी म्हणाले, "अरे, पूल अजून कसा आला नाही?"

मेहुणा उठला. रस्त्यावरची पाटी वाचून म्हणाला, "दाजी, पूल मागे गेला."

गाडी थांबली. तिच्या डाव्या अंगावर पांढऱ्या रंगाचा लांबलचक पट्टा होता. रंग ओला होता.

मेहुण्याने स्टिअरिंग हाती घेतलं आणि गाडी मागे वळवली. पुलाच्या नुकत्याच रंगवलेल्या कठड्यापलीकडच्या अरुंद पायवाटेवर एक रंगारी बसला होता. हातात ब्रश तसाच.

"तीन हाका मारल्या," तो म्हणाला. "उडी मारली म्हणून वाचलो. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. हसत होतात."

दाजींना काही आठवेना. मेहुण्याने न विचारता मला चाकाखाली सरकवलं.

पूल ओलांडताना गाडी कोण चालवत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता लेक फोनवर 'कधी याल' विचारत नाही. "ठोकळा घातला का?" एवढंच विचारते. मग दाजी चाकाशी वाकून फोन माझ्याजवळ धरतात आणि माझ्यावर पान्याने दोनदा ठोकतात. ठक, ठक.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी अवजड गाडी चालवत असेल, तर तुम्हीही हेच विचारा. आणि ठक ठक ऐकू आली नाही, तर फोन ठेवू नका.