सेनोबियोने निवडलेला माईक

पेरूतल्या कुस्को शहरातल्या त्या माईकच्या दुकानात मी तिसऱ्यांदा मरत होतो. काउंटरला टेकून, डोळे अर्धे मिटून, "लेकरांनो, जमीन विकू नका" असं म्हणत होतो. समोर सेनोबियो कानांवर हेडफोन लावून उभा होता आणि हातातला शॉटगन माईक, म्हणजे समोरचाच आवाज टिपणारा नळीसारखा माईक, बंदुकीसारखा माझ्या तोंडावर रोखून होता. दुकानातल्या मुलीने दोन गिऱ्हाइकांना "शूटिंग चाललंय" असं सांगून दारातच थांबवलं होतं.

मी सिकुआनी गावातला न्हावी, आपोलिनार. आमच्या शाळेतले विल्बर मास्तर सुट्ट्यांत आमच्या केचुआ भाषेत सिनेमे काढतात आणि त्या प्रत्येक सिनेमात मी मरतो. मागच्या वेळी आजोबा होऊन मेलो. नगरपालिकेच्या हॉलमध्ये सगळं गाव बसलं होतं. मी शेवटचा श्वास घेतला, आणि पडद्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या, सुऱ्यांना धार लावणाऱ्याची बारीक शिट्टी वाजली. माझ्या दोन वाक्यांत ती चारदा वाजली. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. त्यानंतर बाजारातल्या बायका सेनोबियो दिसला की ओठांचा चंबू करून शिट्टी मारायच्या. आवाजाचं काम त्याच्याकडे होतं ना. तो मान खाली घालून निघून जायचा. गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाला, मिरवणुकीला त्याचेच कर्णे लागलेले. असा माणूस शिट्टीवरून ओळखला जायला लागला.

म्हणून या वेळी मास्तरांनी ठरवलं, कॅमेऱ्यावरचा माईक पुरे झाला, चांगला शॉटगन घ्यायचा. निवडणार सेनोबियो. त्याने बायकोलाही बरोबर आणलं. फेमिया बाजारात चीज विकते. तिला कुस्कोला लोकर घ्यायची आहे, असं त्याने सांगितलं.

दुकानात तीन माईक होते. एक हातभर लांब, एक मधला, एक वीतभर. मास्तरांचा जीव लांबड्यावर जडला. पोस्टरवर तोफेसारखा दिसेल म्हणाले. सेनोबियोने तिन्ही ऐकले आणि तिन्हींना गंभीरपणे मान डोलावली. लांबडा तर एकदम स्वच्छ आहे म्हणाला.

फेमियाने त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःला लावले. मी चौथ्यांदा मेलो.

"मागे किटली शिट्टी मारतेय," ती म्हणाली.

दुकानातली मुलगी जीभ चावून आत पळाली. मास्तर हसले. सेनोबियो हसला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने माईककडे पाहिलं. मी रोज माणसांच्या कानांभोवती कात्री फिरवतो. त्या क्षणी मला कळायचं ते कळलं.

मग फेमियाने सूत्रं हातात घेतली. मला बोलता बोलता मान वळवायला लावली, फरशीवर निजवलं, बाहेर रस्त्यावर उभं केलं. लांबडा तिने बाद केला. "या न्हाव्याला मरताना मान टाकायची खोड आहे. मान टाकली की या लांबड्यातून आवाज गायब. आणि खोलीत तर विहिरीतून बोलल्यासारखा येतो." वीतभर माईक खोलीत गोड होता, पण रस्त्यावरच्या सगळ्या बसगाड्या पोटात घ्यायचा. आपला सिनेमा माळावरचा, तेव्हा मधलाच, असं तिने सांगून टाकलं. पण कुठलाही घ्या, जवळ धरला नाही तर गाढवासारखा बिनकामाचाच, हेही बजावलं. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही इथेच नोकरीला या."

मास्तरांनी सेनोबियोला विचारलं. तो म्हणाला, "मधलाच."

आठ दिवसांनी आम्ही माळावर गेलो. वाऱ्यासाठी फेमियाने अल्पाकाच्या लोकरीची टोपी विणून माईकला चढवली होती. मेंढपाळाच्या कुत्र्याने ती पाहिली आणि तो तासभर तिच्यावर भुंकत राहिला. शेवटी त्याला कणसं खायला घालून लांब नेऊन बांधलं. मी घोंगडीवर आडवा झालो. मास्तरांनी सेनोबियोला हेडफोन लावायला सांगितलं.

तो हेडफोन हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"मास्तर, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. डाव्या कानाने तर माणसाचं बोलणंही येत नाही."

मास्तरांना समजायला वेळ लागला. "म्हणजे ती शिट्टी..."

"मला आलीच नव्हती. हॉलमध्ये लोक का हसतात, तेही घरी गेल्यावर हिने सांगितलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी फेमियाला विचारलं, जमेल का. गुरुवारी नाही, ती म्हणाली. गुरुवारी चीजचा बाजार असतो. बाकीचे दिवस येईन.

सेनोबियोने स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर हेडफोन बसवले, पट्ट्याखाली अडकलेली वेणी मोकळी करून दिली. मग माईक लावलेली काठी उचलली आणि माझ्या डोक्यावर धरली, कॅमेऱ्याच्या चौकटीत येणार नाही इतकी वर, आवाज सुटणार नाही इतकी खाली.

मी जमीन विकू नका म्हणालो, मान टाकली, मेलो. पापण्यांच्या फटीतून मला तो दिसत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माईककडेही नाही. फेमियाचे डोळे मिटलेले होते, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तिने हात वर केला. थांबा. दूरवर काहीतरी असावं, मलाही ऐकू येत नव्हतं.

त्याचे दंड थरथरत होते, पण काठी हलली नाही. तिचा हात खाली येईपर्यंत मी मेलेलाच राहिलो.